एकल बासरी, वाद्यवृंद आणि आईचा फ्रिज

पहिल्या बासरीवाल्यांची अक्कलदाढ काढावी लागली, गाल फुग्यासारखा झाला, आणि रविवारच्या मैफलीत अख्ख्या वाद्यवृंदासमोर एकट्याने उभं राहून वाजवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी दुसरा बासरीवाला. दुसऱ्या बासरीवाल्याचं काम नवरदेवाच्या मित्रासारखं असतं. शेजारी राहायचं, आनंदी दिसायचं, लागला तर रुमाल द्यायचा.

रचना प्रेमाची होती. कोणीतरी कोणाची तरी वाट बघतंय आणि ते कोणीतरी काही येत नाहीये, असं साधारण अर्धा तास. मधला भाग संथ. त्यात चेलो आणि डबल बासवाले खालचा एकच सूर धरून बसतात, बाकी सगळे गप्प, आणि त्या सुरावर बासरीने एकटीने तळमळायचं.

घरी तळमळायला जागा नव्हती. ताई तान्ह्या मुलीला घेऊन आमच्याकडे राहत होती. बासरी वाजली की बाळ उठायचं, बाळ उठलं की ताई, ताई उठली की आई, आणि आई उठली की मला काहीतरी आणायला पिटाळायची. म्हणून मी स्वयंपाकघराचं दार लावून, फ्रिजला टेकून वाजवायचो. फ्रिज म्हातारा होता आणि सतत घुमायचा. योगायोग असा की तो साधारण चेलोंच्याच सुरात घुमायचा. यातल्या ‘साधारण’ या शब्दाकडे माझं लक्ष गेलं नाही.

मंगळवारच्या तालमीत संचालकांनी संथ भाग मध्येच थांबवला.

“तुम्ही चढे लागताय.”

“मी?”

“नाही, हे चाळीस लोक उतरलेत,” ते म्हणाले. “आणि दुसरं म्हणजे तुम्ही फार सुखात आहात. हा माणूस वाट बघतोय हो! तुमचं ऐकून वाटतं, जेवण झालंय, आता फक्त ढेकर यायची बाकी आहे. शुक्रवारी पुन्हा ऐकेन. नाही जमलं तर बाहेरून पाहुणा बोलावू.”

चाळीस लोकांनी माझ्याकडे पाहिलं. सात वर्षांत पहिल्यांदाच सगळे माझ्याकडे बघत होते, तेही असे.

सूरबाई त्याच संध्याकाळी घरी आली. सूरबाई आमच्या वाद्यवृंदात ओबो वाजवते. ओबो म्हणजे सनईची जास्त शिकलेली चुलत बहीण. सगळा वाद्यवृंद ओबोच्या सुरावर आपापली वाद्यं जुळवतो, म्हणून ती सूरबाई, आणि म्हणूनच बाईंना आपणच बरोबर असण्याची सवय आहे. ती स्टुलावर बसली, मला वाजवायला लावलं, थोडं ऐकलं, मग उठून डॉक्टरसारखा फ्रिजला कान लावला.

“हा चढा आहे.”

“कोण चढा?” आई दारातून म्हणाली.

“फ्रिज, काकू.”

“आमच्या फ्रिजबद्दल आजवर कोणी एक शब्द बोललेलं नाही.”

“थंड उत्तम करतो, काकू. फक्त सुरात नाही.”

तिने ओबो ओठांना लावला आणि चेलोंचा खरा सूर वरच्या सप्तकात धरला. तिच्या आणि फ्रिजच्या सुरांमध्ये डास अडकल्यासारखं काहीतरी थरथरायला लागलं. इतके दिवस मी एका घरगुती उपकरणाशी सूर जुळवत होतो, आणि जुळला होता, हे त्याहून वाईट.

उपाय सोपा होता. सरावाच्या वेळी फ्रिज बंद, आणि त्याच्या जागी सूरबाई. ताई मात्र बाळाला खांद्यावर टाकून हजर झाली.

“सोमवारपासून मी कामावर जाणारे. वरच्या कप्प्यात माझं दूध गोठवून ठेवलंय. तीन आठवडे साठवलंय मी ते.”

“तासभरच बंद ठेवतो गं.”

“तासाभरात काही होत नाही. पण बटण दाबायला विसरलास ना, तर बाळाची मामाशी ओळख फोटोवरूनच करून देईन.”

रोज संध्याकाळी सूरबाई यायची. ओबोच्या पत्तीची फट इतकी बारीक असते, की वाजवणाऱ्याचा श्वास संपत नाही, उलट उरतो. त्यामुळे ती एकदा सूर धरून बसली की बसली. मी तिच्यासमोर तळमळायचो. कान हळूहळू सरळ होत गेला. अडचण एवढीच की ज्या बाईची वाट बघावी ती समोर स्टुलावर बसलेली असताना माणसाने तळमळायचं कसं? मी आणखी सुखात वाजवू लागलो.

शुक्रवारी संचालकांनी डोळे मिटून ऐकलं. “सूर बसला,” ते म्हणाले. “पण सुख वाढलंय.”

“रविवारी तो सुखी नसेल, सर,” मागून सूरबाई म्हणाली. “माझी जबाबदारी.”

संचालकांनी विचार केला आणि मग मधला मार्ग काढला. हा मार्ग कुठल्याही शहाण्या माणसाला सुचला नसता. पाहुणा बासरीवाला रविवारी पहिल्या रांगेत बसणार. पहिल्या भागानंतर संचालकांना वाटलं, तर त्याला वर बोलावणार आणि मी खाली उतरणार. जमल्यास त्याच्याच खुर्चीत बसणार.

रविवारी दुपारी शेवटचा सराव झाला. आई आणि ताई आधीच सभागृहाकडे गेल्या होत्या. मग कोटाचं बटण तुटलं, टॅक्सी आली, सूरबाईचा रुमाल आत राहिला म्हणून ती परत गेली, मी खालून हाका मारत राहिलो, आणि कसेबसे पोहोचलो.

पहिला भाग सुरात झाला. सुखातही झाला. टाळ्या न वाजवता लोक खोकले. पहिल्या रांगेत पाहुण्याने कोटाच्या आतून बासरी काढली आणि ती गरम करायला तोंडाने आत फुंकर घालू लागला. संचालक त्याच्याकडे बघत होते.

मी सूर तपासायला मागे वळलो. सूरबाईने सूर दिला, मग पुढे वाकून व्हायोलावाल्याच्या कानात काहीतरी सांगितलं. त्याने पुढच्याला सांगितलं. पुढचा गंभीर चेहऱ्याने माझ्याकडे झुकला.

“ती विचारतेय, फ्रिज चालू केलास का?”

मी बटण डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. बटण दिसलं, पण त्यावर माझं बोट दिसेना.

संचालकांची काठी वर गेली. चेलोंनी खालचा सूर धरला.

पुढे काय वाजवलं ते मला नीट सांगता येणार नाही. मला फक्त वरचा कप्पा दिसत होता आणि त्याच्या कडेवरून ओघळणारा एकेक थेंब. प्रत्येक सूर दारापर्यंत जायचा, उघडत नाही म्हणून परत यायचा, पुन्हा जायचा. श्वास घ्यायची जागा आली तरी घ्यावासा वाटेना. पाहुण्याने फुंकर थांबवली, बासरीचे तिन्ही भाग सुटे केले आणि पेटीत ठेवून पेटी बंद केली. तिसऱ्या रांगेत ताई बाळाला छातीशी धरून रडत होती. खरं काय ते कळलं असतं तर जास्त रडली असती.

शेवटचा भाग जलद आहे. मी तो आणखी जलद वाजवला, कारण मला घरी जायचं होतं. वाद्यवृंद धापा टाकत मागून आला.

लोक उभे राहिले. संचालकांनी माझा हात दाबला. त्यांचे डोळे ओले होते. “कोण होती ती?” त्यांनी हळूच विचारलं.

“घरची गोष्ट आहे, सर,” मी म्हणालो आणि पळालो.

मंचामागे सूरबाई शांतपणे ओबो पुसत होती, मागे राहिलेल्या त्याच रुमालाने.

“मी केला चालू,” ती म्हणाली. “रुमाल घ्यायला गेले तेव्हा.”

“मग विचारलंस कशाला?”

“तुझं जेवण झालेलं होतं.”

मला तिच्यावर ओरडायचं होतं. ऐन वेळी तोंडातून भलतंच निघालं. “उद्या येशील? सरावाला?”

“मैफल झाली की रे.”

“फ्रिज अजून चढाच आहे.”

तिने पेटीची कडी लावली, पेटी खांद्याला अडकवली आणि दारापाशी जाऊन वळली.

“बघते,” ती म्हणाली.

किती वाजता, ते सांगितलं नाही. सोमवारी सकाळपासून मी फ्रिजला टेकून उभा आहे. ताई कामावर गेली. बाळ आईच्या मांडीवर दूध पितंय. आई दोनदा म्हणाली, “अरे, बस की जरा.”