चित्र उलगडणाऱ्या मूठभर ओळी

मी एक जुना असेंब्ली कोड, म्हणजे थेट प्रोसेसरला समजतील अशा हातानं लिहिलेल्या सूचना आहे. मित्रांनो, नाव ऐकून बिचकू नका. अंगानं मी मूठभर ओळींचाच. पण तुम्ही व्हिडिओ बघता ना, त्यातली चित्रं दाबून, घड्या घालून पाठवलेली असतात. त्या घड्या भराभर उलगडायचं काम माझं, आणि त्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं, हे मी अभिमानानं सांगतो.

मला लिहिलं ताईंनी. कचेरीत त्यांना सगळे काटकसरताई म्हणत. प्रोसेसरच्या हाताशी रजिस्टर नावाचे मोजकेच कप्पे असतात. मेमरीची मोठी कोठी जरा लांब. कोठीकडे खेपा घालण्यात वेळ जातो, म्हणून ताईंनी एकही कप्पा वाया जाऊ दिला नाही. मग त्यांनी मला साध्या भाषेतल्या एका प्रोग्रामच्या पोटात बसवलं. त्या प्रोग्रामचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा कंपायलर माझ्या आत कधी डोकावत नाही. मी काय घेतो, काय देतो, कशाला हात लावतो, एवढं माझ्या शेपटाशी लिहिलेलं असतं. त्यावरच त्याचा विश्वास.

वर्षानुवर्षं माझं कौतुक झालं. कण्हत कुथत चालणारे संगणकही माझ्या जोरावर चित्रं पळवायचे.

मग नवा कंपायलर आला. हुशार, चटपटीत. त्यानं आमचा प्रोग्राम नव्यानं घडवला आणि तो घरोघरच्या संगणकांवर पोचला. आणि एका दुपारी शेजारच्या वहिनी आपला जुना लॅपटॉप छातीशी धरून ताईंच्या घरी आल्या.

त्यांचे यजमान सुतार. ऐकू येत नाही, बोलणं सगळं हातांनी. परगावी कामावर असताना त्यांचा हात यंत्रात सापडला होता. आता पट्टी सुटली होती, आणि त्यांनी व्हिडिओ पाठवला होता.

"ताई, बघा ना! नेमके हातावरच रंगीत चौकोन येतायत. बोटं आहेत की गेली, काही दिसत नाही."

"सोबत काही लिहिलंय का त्यांनी?"

"सगळं ठीक आहे म्हणे. ठीकच लिहिणार ते! मला हात बघायचाय."

ताईंचा धाकटा भाऊही त्याच कचेरीत कामाला, आणि त्या दिवशी घरीच होता. त्यानं प्रोग्राम उघडला आणि थेट माझ्यावर बोट ठेवलं. "हे तुझं जुनं लोढणं काढून टाकू, ताई. चौकोन जातील."

"जातील. पण यांच्या मशीनवर चित्र अडखळेल. हातांनी बोलणाऱ्या माणसाचं अर्धं वाक्य गळून पडेल त्यात. आधी चुकतंय कुठे ते बघ."

दोघं डोक्याला डोकं लावून बसले. माझी एकेक ओळ तपासली. कुठेच खोट नाही! अखेर ताईंनी कपाळावर हात मारला.

"अरे, हा कोठीत नवे रंग नेऊन ठेवतो, पण मेमरीला हात लावतो हे मी लिहिलंच नाही! जुना कंपायलर निभावून न्यायचा. नव्याला वाटतं कोठीत काही बदललंच नाही, म्हणून तो कप्प्यात आधी काढून ठेवलेले शिळे रंग वाढतो. जे हलतं त्याचेच रंग बदलतात, म्हणून चौकोन नेमके हातावर."

"म्हणजे एका शब्दाची कसर?"

"एकाच. लिही, मेमरी."

त्यानं लिहिलं. कंपायलरनं तो शब्द वाचला आणि शिळे रंग टाकून कोठीतले ताजे उचलले. वहिनींच्या लॅपटॉपवर मी पुन्हा धावलो. चौकोन गेले. पडद्यावर हात वर आला. पाचही बोटं! करंगळी जरा वाकडी, पण सगळी हलणारी. त्या हातांनी सांगितलं, "रडत बसली असशील. आधी जेव."

"म्हणे जेव!" वहिनी पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "स्वतः बघा किती वाळलेत!"

भाऊ हसला. "ताई, राहू दे गं हे. अजून दमदार आहे."

आजही मी त्या प्रोग्राममध्ये ताठ मानेनं धावतो आहे. मित्रांनो, जुनं काही बिघडलेलं दिसलं, तर त्याला लगेच बाहेरची वाट दाखवू नका. शेजारी बसा, नीट बघा. कदाचित त्याचं काम चोखच असेल. त्याच्याविषयी सांगायचं तेवढं कुणाचं तरी राहून गेलं असेल.