साळलेला नंबर

आमच्या शिवमला काही सोबत्यांबरोबर मोटारसायकल घेऊन केनियात फिरायचं होतं. माणसाला पासपोर्ट लागतो तसा गाडीलाही लागतो, हे आम्हा अकोटकरांना त्याच्यामुळेच कळलं. गाडीच्या पासपोर्टला कार्ने म्हणतात. गाडी तिकडे विकणार नाही, फिरवून परत आणीन, अशी ती हमी. गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला नंबर त्यात लिहिलेला असतो आणि कस्टमवाले तो गाडीशी ताडून पाहून मगच शिक्का मारतात. अमरावतीतली नोकरी सांभाळत, मुंबईला खेटे घालत माझ्या या धाकट्या भावाने कार्ने मिळवला. कौतुक करावं असंच काम होतं, पण आमच्या घरात कौतुकाची रीत नाही.

बाबा तर सुरुवातीला ऐकूनच घेईनात. "काहून जाऊन राहिला एवढ्या दूर? इकडं रस्ते नाईत काय?" पुढे विरोध मावळला, पण 'जा' हा शब्द काही त्यांच्या तोंडून निघेना.

निघायच्या आधी शिवमने गाडी अकोटला आणून ठेवली आणि राहिलेलं सामान आणायला तो अमरावतीला गेला. परत येऊन बघतो तर गाडी कोरी करकरीत. बाबांनी अब्दुल गफ्फार पेंटरकडून तोच निळा रंग नव्याने मारून घेतला होता आणि मागच्या मडगार्डवर 'अकोट' लिहवून घेतलं होतं. शिवम पोट धरून हसला.

"पोळ्याले बैल असाच नेतो काय आपन?" बाबा म्हणाले. "शिंगं साळतो, रंगवतो, मंग तोरनाखाली उभा करतो. हे गाडी तं परदेशात चालली."

'जा' म्हणायची ही त्यांची तऱ्हा. मला भरून आलं. शिवमलाही आलं, मी पाहिलं.

मुंबईच्या बंदरावर कस्टमच्या साहेबाने हँडलखाली टॉर्च मारला. नंबर नव्हताच. तिथे गंजून खरबरीत झालं होतं, म्हणून रंगाआधी बाबांनी स्वतः ग्राइंडर फिरवला होता. बैलाचं शिंग साळावं तसं, मायेने, अगदी गुळगुळीत. गाडी जहाजावर चढली नाही. सोबती निघून गेले आणि शिवम गाडीसकट अकोटला परतला.

"मले काय मालूम, बावा," सगळं ऐकून बाबा खाटेवर बसले. "मले वाटलं, खरबरीत लागून राहिलं तं..."

"मालूम नोतं?" शिवम ओरडला. "तुमाले मले जाऊच द्याचं नोतं. म्हनून केलं तुमी हे!"

मडगार्डवरचं 'अकोट' पाहून हसलेला पोरगा हे बोलला. खोटं आहे हे त्याला बोलतानाच ठाऊक होतं. मी त्याची चांगली खरडपट्टी काढली, पण उपयोग काय? बाबा उठले आणि बैलांना पाणी पाजायला गेले.

आरटीओच्या परवानगीने नंबर पुन्हा कोरून मिळतो. पोलिसांचा दाखला, पुन्हा खेटे, नवा कार्ने, सगळं झालं. शिवमने माफीही मागितली. "जाऊ दे" म्हणाले बाबा. पण त्यांनी गाडीला हात लावणं सोडलं ते सोडलंच. पाऊस आला की गाडीवर ताडपत्री टाकायलाही मला हाक मारायचे.

परवा शिवम पुन्हा निघाला. आईने कुंकवाची वाटी बाबांच्या हातात दिली. आमच्या दारातून दूर निघालेल्या गाडीला कुंकू तेच लावतात, मग तो ट्रॅक्टर का असेना. बाबा गाडीपाशी गेले आणि कुंकवाचं बोट तसंच धरून उभे राहिले.

"कुठी लावू, बापू?" त्यांनी विचारलं. "कस्टमवाल्याले चालन, तिथंच सांग."

"कुठीबी लावा ना, बाबा."

"नाई. तूच दाखव."

शिवमने बाबांचं मनगट धरून बोट हेडलाइटवर टेकवलं. बाबांनी एवढासा ठिपका लावला, आणि आपल्या हातून काही पुसलं तर गेलं नाही ना, म्हणून वाकून पाहिलं.