रिकाम्या मोटारीची घरघर

१४ जून, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. शीतगृहाच्या चार खोल्यांत मिळून एकशे अठ्ठावीस टन मासळी होती आणि चारही तापमापकांचे काटे उणे अठरावर स्थिर होते. त्याच वेळी बंदराच्या कचेरीतून निरोप आला. महासागराच्या पलीकडच्या किनाऱ्यावर रात्री मोठा भूकंप झाला होता. त्याची लाट साडेअकराच्या सुमारास इथवर पोहोचणार होती. उंची फार असणार नव्हती, पण गोदीतले पाणी जोराने आत-बाहेर ओढले जाणार होते.

मुख्य यंत्रज्ञांनी निरोप दोनदा वाचला. गाव त्यांना पाठीमागे 'उणे अठरा' म्हणत असे, कारण खोल्यांचे आणि त्यांच्या चेहऱ्याचे तापमान एकच, असा समज होता. त्यांना हे ठाऊक होते. वाईट वाटण्याचा प्रश्न नव्हता. गावाविषयी त्यांचे मत याहून पुष्कळ वाईट होते.

शीतगृहाची यंत्रे तापू नयेत म्हणून त्यांतून समुद्राचे पाणी खेळवले जाई आणि ते गोदीतल्या एका नळातून ओढले जाई. पाणी मागे सरले की नळाचे तोंड उघडे पडणार आणि पंप चिखल ओढणार. चिखल एकदा यंत्राच्या नळ्यांत बसला, तर सगळे खोलून साफ करायला महिना लागला असता. होड्या तर खवळलेल्या दर्यामुळे दोन महिन्यांसाठी काठावर ओढून ठेवलेल्या. तोवर साऱ्या किनाऱ्याने खायचे ते या चार खोल्यांतलेच.

उपाय सोपा होता. यंत्रे बंद करायची, नळाची झडप मिटायची आणि खोल्यांना कुलपे घालायची. दारे बंद राहिली तर त्या जाड भिंतींच्या आत दिवसभरात तीन-चार अंशांपलीकडे फरक पडत नसे. अडचण यंत्रांची नव्हती, माणसांची होती. या गावाला यंत्रांची घरघर ऐकत झोपायची सवय होती. मागे एकदा वीज गेली आणि घरघर पाव तास थांबली, तेवढ्यात निम्मे गाव धावून आले. कुलपे फोडून ज्याने त्याने आपापल्या पेट्या घरी नेल्या आणि आठवडाभर गल्ल्यागल्ल्यांतून नासक्या मासळीची दुर्गंधी येत होती. तरी आपण मासळी वाचवली, असेच प्रत्येकाचे म्हणणे.

"जुन्या कॉम्प्रेसरचा पट्टा काढा," यंत्रज्ञ फिटरला म्हणाले, "आणि नुसती मोटार चालू ठेवा."

"रिकामीच फिरवायची?"

"रिकामी. या लोकांना थंडी कानांनी मोजायची सवय आहे. ऐकू देत पोटभर."

फिटर वीस वर्षे त्यांच्या हाताखाली होता. त्याने पट्टा काढला, मोटार चालू केली, बाकीची यंत्रे थांबवून झडप मिटली, खोल्यांना कुलपे घातली आणि हात पुसत विचारले, "अध्यक्षांना सांगून येऊ?"

अध्यक्ष म्हणजे मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष, आणि यंत्रज्ञांच्या पत्नीचे धाकटे भाऊ.

"त्याला काय सांगायचं?" यंत्रज्ञ म्हणाले. "त्याला गरम आणि गार यांतला फरक फक्त चहात कळतो. आणि कळलं, तरी पाच मिनिटांत चावडीभर करील."

घरघर नेहमीसारखीच येत होती. गाव निर्धास्त होते.

साडेअकराला यंत्रज्ञ धक्क्यावर जाऊन उभे राहिले. लाट आली ती घोट्याएवढी. कठड्यावर बसलेल्या बघ्यांना हसू आवरेना.

"हीच का ती लाट? आमच्या नळाला याहून जास्त जोर असतो!"

"एवढ्या लांबून आली बिचारी. दमली असेल."

यंत्रज्ञांनी मान वळवली नाही. थोड्याच वेळात गोदीतले पाणी उलटे फिरले आणि कुणीतरी बूच काढावे तसे बाहेर निघून गेले. नळाचे तोंड उघडे पडले आणि त्यावरून काळा चिखल ओघळू लागला. पाणी परत आले, पुन्हा गेले. दोन तराफ्यांचे दोर तटातट तुटले. कठड्यावरचे हसू थांबले. यंत्रज्ञ मात्र हलले नाहीत. आपले बरोबर ठरलेले पाहायला त्यांना फार आवडत असे आणि हे सुख त्यांनी तासभर, हात मागे बांधून, सावकाश घेतले.

परत आले तेव्हा फिटर दारातच उभा होता.

"साहेब, तीन नंबर बघा."

तीन नंबरचा काटा उणे सातवर होता.

तिसऱ्या खोलीत खालच्या आळीच्या घरगुती पेट्या असत. प्रत्येक घराची पेटी वेगळी, तिच्यावर त्या घराच्या रंगाचा पट्टा. यंत्रज्ञ धावत गेले. सोसायटीची दुसरी किल्ली अध्यक्षांकडे असते, हे ते साफ विसरले होते. दार सताड उघडे होते. पांढरी वाफ उंबऱ्यावरून अंगणात लोळत होती आणि दाराच्या मधोमध खुर्ची टाकून अध्यक्ष बसले होते. आतबाहेर चाळीस-पन्नास माणसांची जत्रा. जो तो आपली पेटी उघडून बघत होता.

"या, भाऊजी, या!" अध्यक्ष म्हणाले. "लोक घाबरले होते. म्हटलं, डोळ्यांनी बघा, हात लावून बघा. अध्यक्ष कशासाठी असतो?"

"दार लाव."

"लावतो की. सगळ्यांचं बघून होऊ दे."

यंत्रज्ञ वाकले आणि त्यांच्या कानाशी म्हणाले, "अरे शहाण्या, यंत्रं बंद आहेत. सकाळपासून."

अध्यक्षांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले आणि मग खदाखदा हसले.

"ऐकलंत का? भाऊजी म्हणतात, यंत्रं बंद आहेत!"

सगळ्यांनी कान दिला. भिंतीपलीकडून घरघर येत होती, दणदणीत, अखंड.

"काका, आज गंमत करायची लहर आली वाटतं!" मागून कुणीतरी ओरडले, आणि सारी खालची आळी हसली.

"मी गंमत करत नाही," यंत्रज्ञ म्हणाले. हे खरे होते. त्यांनी आयुष्यात केली नव्हती. म्हणूनच लोकांना आणखी हसू आले.

"दार लावा. कृपा करून लावा."

"कृपा करून!" अध्यक्ष खुर्चीत मागे रेलले. "माझ्या बहिणीलासुद्धा हा शब्द कधी ऐकायला मिळाला नसेल. पुन्हा म्हणा, भाऊजी."

यंत्रज्ञांनी पुन्हा म्हटले. दार लागले नाही.

ते यंत्रघरात परतले. मोटारीच्या बटणावर हात ठेवला. आवाज थांबला असता तर त्यांचे म्हणणे त्याच क्षणी सिद्ध झाले असते. पण त्याच क्षणी उरलेल्या तीन खोल्यांचीही कुलपे फुटली असती.

"बंद करू?" फिटरने विचारले.

"नको."

हात बराच वेळ बटणावर तसाच राहिला. रिकामी मोटार फिरत राहिली.

दीड वाजता लोकांना भुका लागल्या, तेव्हा कुठे दार लागले. समुद्र संध्याकाळपर्यंत येजा करत होता. नळाच्या तोंडावरचा चिखल काढून यंत्रे सुरू व्हायला दुसऱ्या दिवशीची दुपार उजाडली. तीन खोल्या उणे चौदावर तगल्या होत्या. तिसरीत दारापासून मध्यापर्यंतची मासळी मऊ पडली होती आणि पेट्यांतून पाणी गळत होते. अध्यक्षांनी सोसायटीची सभा घेतली, परदेशातल्या भूकंपाचा कडक शब्दांत निषेध केला आणि आपल्या धैर्याबद्दल आभाराचा ठराव मंजूर करून घेतला.

घरी पत्नीने ताट वाढले. तिची स्वतःची पेटीही तीन नंबरमध्येच होती, दाराजवळ.

"तुम्ही त्याला सकाळीच का नाही सांगितलंत?"

"तो ऐकणाऱ्यातला आहे का?"

"माझा भाऊ आहे. बावळट आहे, हे तुमच्या आधीपासून ठाऊक आहे मला. पण सकाळी ती खोटी घरघर सुरू झाली नव्हती ना. तेव्हा त्याने तुमचंच ऐकलं असतं."

उत्तर देण्यायोग्य मुद्दा समोरून येण्याची यंत्रज्ञांना सवय नव्हती. जेवण झाल्यावर त्यांनी कोट घातला आणि वजनकाट्याशी जाऊन उभे राहिले. खालच्या आळीची माणसे आपापल्या रंगाच्या पेट्या वजन करून, मासळी पुरायला खणलेल्या खड्ड्याकडे नेत होती. आज कुणी हसत नव्हते.

टाकून दिलेली मासळी : अकरा टन.