तीन नळ्यांची दुर्बीण

पणजोबांची दुर्बीण कित्येक वर्षं आईच्या तोंडात होती.

थांबा, हे नीट सांगायला हवं. माळ्यावर कापडात गुंडाळलेली होती ती वेगळी. घराण्याची खरी पितळी दुर्बीण आईने केव्हाच विकली होती आणि त्या पैशांत कवळी करून घेतली होती. नवरा म्हणायचा, या वयात दात हवेत कशाला. कशाला म्हणजे? चावायला. मग कुणाला कळू नये म्हणून तिने त्याच दुकानदाराकडून हुबेहूब दिसणारी नकली दुर्बीण स्वस्तात घेतली आणि माळ्यावर ठेवून दिली. पुढे नवरा गेला, कवळी राहिली, गोष्ट मिटली.

मग छताला तडा गेला आणि माळा पाडायचं ठरलं.

*

खाली आलं ते असं. तीन पायांचं टेबल. चौथा पाय, वेगळा. एकमेकींच्या किल्ल्या पोटात घेऊन बंद झालेल्या दोन पेट्या.

"हे काय आहे?" थोरल्याने शिडीवरून विचारलं. घरात त्याला मुनीम म्हणत. लहानपणी बिस्किटाचेही तो पट्टीने मापून दोन भाग करी.

"बाबांनी दुरुस्तीला काढलेलं," आई खालून म्हणाली.

"आणि हे?"

"ते दुरुस्त केलेलं. म्हणून बंद आहे."

शेवटी दुर्बीण आली. तान्हं मूल उतरवावं तशी मुनीमाने ती उतरवली. "ही मी ठेवणार. किंमत काढू आणि अर्धे पैसे धाकटीला. पारखी बोलावलाय मी."

"परका माणूस कशाला उगाच घरात," आई म्हणाली.

"हो ना," धाकटी म्हणाली. "आपल्या आपल्यात काय किंमत करायची?"

आईला लेकीचं कौतुक वाटलं. पोर आपल्या बाजूची आहे.

*

पारखी आत आला आणि आईने त्याला लगेच ओळखलं. तोच दुकानदार. केस गेले होते, नजर तीच होती: आधी माणसाची किंमत करायची, मग वस्तूची.

तो आईकडे बघून हसला नाही. आईही त्याच्याकडे बघून हसली नाही. इतकं न हसायला बरीच जुनी ओळख लागते.

अडचण दोघांची होती. त्याने नकली म्हटलं तर आईची अब्रू जाणार. आणि मग खरी कुठे गेली याची चौकशी निघणार, आणि खरी तर यानेच मातीमोलाने घेतलेली.

"आमच्या पणजोबांची," मुनीम म्हणाला.

"दिसतंच आहे."

पारख्याने दुर्बीण ओढली. पहिली नळी आली. दुसरी आली. तो थांबला. पुन्हा ओढून पाहिली. त्याच्या भुवया वर गेल्या.

दोनच.

आईनेही मोजल्या. खऱ्या दुर्बिणीला तीन नळ्या होत्या. तिने आणलेल्या नकलीलाही तीनच होत्या.

(मधल्या काळात वर चढून बघायचं तर आईच्या गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिलेला.)

आईने सावकाश मान वळवली. मुनीम दुर्बिणीकडे बघत होता. धाकटी टेबलाच्या सुट्या पायाकडे बघत होती, जन्मात असा पाय पाहिला नसल्यासारखी.

"मग? काय म्हणता?" मुनीम.

पारख्याने आईकडे पाहिलं. आईने धाकटीकडे. धाकटीने पायाकडे.

"साहेब, अशी वस्तू आजवर माझ्या पाहण्यात आली नाही," पारखी म्हणाला, आणि ते अगदी खरं होतं. "हिला किंमत लावणं मला जमायचं नाही. अमूल्य म्हणा. विकायला काढू नका, चारचौघांना दाखवू नका. घरात असू द्या."

आणि पाणीही न घेता तो गेला.

*

स्वयंपाकघर. नळ सोडलेला, आवाज झाकायला.

"कधी?"

"काय कधी?"

"मला शिकवू नकोस. कधी विकलीस?"

"कॉलेजात असताना. मैत्रिणींबरोबर समुद्र बघायला गेले होते ना."

"अभ्यासाच्या शिबिराला गेली होतीस."

"तेच ते."

"पणजोबांची वस्तू. हात कसा गं धजला तुझा?"

"आणि मिळालं काय त्याचं? बसच्या तिकिटाएवढे पैसे. तिच्या जागी ठेवायला ही जत्रेतली आणली, तिचा खर्च वेगळाच. कॉलेजजवळचा तो दुकानदार म्हणाला, नकली आहे. वर हसला. मी त्याला तोंडावर चोर म्हणून आले." धाकटी थबकली. "आई, पण नकली म्हटल्यावर तुला नवल कसं नाही वाटलं?"

आईने एक पातेलं घासायला घेतलं. ते स्वच्छच होतं.

धाकटी बघत राहिली. "म्हणजे तो खरं बोलत होता?"

"दुकानदारही बोलतात कधीमधी," आई म्हणाली.

तेवढ्यात मुनीम दारात उभा. दुर्बीण काखेत, चेहरा उतरलेला.

"मघापासून गणित सुटत नाहीये," तो म्हणाला. "अमूल्य, ठीक आहे. पण अमूल्याचं अर्धं किती? हिच्यावर अन्याय नको व्हायला. एक मोठा पारखी आहे म्हणतात, उद्या त्याच्याकडे..."

"नको," दोघी एकदम म्हणाल्या.

"दादा, तू ठेव सगळी," धाकटी म्हणाली. "मला काही नको. तुझ्याकडे आहे, त्यातच मला आलं."

मुनीमाचे डोळे भरून आले. आयुष्यात पहिल्यांदाच बहिणीने आपला वाटा सोडला होता.

"बघितलंस आई? किती मोठं मन आहे हिचं."

"माझ्यावर गेलीय," आई म्हणाली आणि तिने नळ बंद केला.