फुलदाणीची तपासणी

लेओनीनं ट्यूलिप काढून ओट्यावर ठेवले, पितळी फुलदाणीतलं पाणी ओतलं आणि ती एप्रनमध्ये गुंडाळून रस्त्याकडे निघाली. नांगरणीत वर आलेले पहिल्या महायुद्धातले तोफगोळे नेहमीप्रमाणे शेताच्या कडेला, विजेच्या खांबापाशी ठेवले होते. ते न्यायला सैन्याची गाडी आली होती.

तिची थोरली नणंद झुल्मा मागोमाग धावली.

"अगं, ती कुठं नेतेस? कामीलच्या हातची आहे!"

"तपासून घेते, वन्सं. आहे तर तोफगोळ्याचीच ना?"

"चाळीस वर्षं झोपली होतीस? नवऱ्याला जाऊन वर्ष नाही झालं, अन् हे सुचतंय!"

लेओनीनं फुलदाणी सार्जंटच्या हातात दिली. त्यानं ती उलटी करून बुडावरून अंगठा फिरवला.

"जर्मन. सोळा सालची. ही मधली टोपी बघा, खड्डा पडलाय. बार केव्हाच उडालाय. नुसती पुंगळी आहे, आजी. खुशाल फुलं ठेवा."

"घ्या!" झुल्मा म्हणाली. "झालं समाधान?"

लेओनी हलली नाही.

"पुन्हा एकदा बघता का?"

सार्जंटनं फुलदाणी सरळ धरली. खिळ्यानं ठोकून काढलेल्या नाजूक वेलीत एक नाव होतं. दर शनिवारी घासून अक्षरं झिजली होती, तरी वाचता येत होती.

"इर्मा म्हणजे तुम्हीच का?"

"मी लेओनी."

"इर्मा माझ्या भावाच्या तुकडीतलं खेचर होतं," झुल्मा घाईनं म्हणाली. "कामील सगळ्यांना सांगायचा. फार गुणी होतं म्हणे."

सार्जंटनं त्या वेलीकडे पाहिलं. मग लेओनीच्या पितळेनं काळवंडलेल्या नखांकडे. त्यानं बुडावर बोटानं टकटक केलं आणि कान लावून बराच वेळ ऐकलं.

"नाही, आजी," तो गंभीरपणे म्हणाला. "अशा वस्तूचा भरवसा देता येत नाही. घरात नकोच."

त्यानं फुलदाणी गाडीतल्या वाळूच्या पेटीत, गोळ्यांच्या शेजारी, जपून ठेवली.

झुल्माचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं छातीवर क्रुसाची खूण केली. "अगं आई! आणि मी रोज तिच्यासमोर बसून जेवत होते!"

"मीसुद्धा, वन्सं."

गाडी वळणाआड गेली. लेओनीनं एवढा मोठा श्वास सोडला, की झुल्मानं तिचा हात घट्ट धरला.

"घाबरलीस ना गं?"

"सुटले बाई एकदाची," लेओनी म्हणाली.