बासष्टच्या बासष्ट

वणीजवळच्या आमच्या कापसाच्या जिनिंगमध्ये दोन हजेरीपुस्तकं होती. एक फाटकापाशी, मळकं, बासष्ट कामगारांचं. दुसरं साहेबांच्या केबिनमध्ये, चकचकीत, वर सोनेरी अक्षरांत ‘विशेष कर्मचारी’. कंपनीने सामाजिक जबाबदारी म्हणून दिव्यांगांना काम दिलं, की पाहुण्यांना दाखवायला काहीतरी हवं ना. त्यात नाव एकच, कुंदाचं. मी मिताली, इथली एचआर. ते पुस्तक मीच छापून घेतलं होतं, मोठ्या हौसेने.

कुंदा राजूरची, जन्मापासून बहिरी. रुईच्या नमुन्यांतून दोरे, केस, प्लॅस्टिक वेचून काढायचं तिचं काम. तिच्यासाठी काचेची वेगळी खोली बांधली होती, रुईच्या कोठाराला लागून, म्हणजे फोटोत मागे पांढरीशुभ्र रुई येते. बाकीच्या बाया सरकत्या पट्ट्यावर एकत्र हसतखिदळत काम करायच्या आणि ही काचेआड एकटी. याला आम्ही सामावून घेणं म्हणत होतो.

डिसेंबरात आगीची तालीम झाली. भोंगा वाजला, सगळे मैदानात आले. फाटकावरच्या पुस्तकातून नावं पुकारली, बासष्टच्या बासष्ट हजर. मॅनेजर अनिमेष सरांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा मला कुंदा आठवली आणि मी आत गेले.

आत यंत्रं बंद होती. कुंदा काचेच्या खोलीत उभी होती, कोठाराच्या दाराकडे तोंड करून, आणि तिचे हात बोलत होते. समोर कोणी नव्हतं. त्या दाराला बाहेरून कुलूप होतं. मला पाहून तिने मोबाइलवर लिहिलं, ‘सारे कुठं गेलते? मी न् तो दोघंच राह्यलो.’

‘तो कोण?’ मी लिहिलं.

‘आतला. त्यालेबी भोंगा ऐकू येत नाही. त्याचं नाव पुस्तकात नाही म्हणते तो.’

मी हे मुकादम सदाशिवरावांना सांगितलं. तीस वर्षं इथं काढलेला जुना माणूस. त्यांच्या तळहातावरचा तंबाखू तसाच राहिला.

“भारत असंन,” ते म्हणाले. “मुका-बहिरा होता. ठेकेदाराचा माणूस, म्हणून पुस्तकात नाव नव्हतं. लई वर्सांमागं कोठाराले आग लागली तं आमी बाहेर नावं पुकारली, सारी भरली. मीच सांगतलं, आत कोणी नाही.”

“मग?”

“मंग काय, बाई. तिसऱ्या दिवशी सापडला.”

हे कुंदाला कोणी सांगितलेलं नव्हतं. सांगणार कोण? तिच्याशी बोलत होतंच कोण?

मी अनिमेष सरांकडे गेले. म्हटलं, कुंदाचं नाव फाटकावरच्या पुस्तकात घ्या आणि तिच्या खोलीत भोंग्याबरोबर पेटणारा दिवा लावा. सर हसले. “अगं, ती सामाजिक जबाबदारीच्या प्रकल्पाची आहे, कारखान्याची नाही. त्या पुस्तकात घेतली की कायमची गळ्यात पडेल. मार्चनंतर बघू.” मी गप्प बसले. नोकरी प्यारी होती, दुसरं काय. भोंगा वाजला तर मीच तिला बाहेर आणीन, असं मनाशी ठरवून मी मोकळी झाले.

फेब्रुवारीत दुपारी खरोखरच ठिणगी पडली आणि मी नेमकी वणीला गेले होते. परतले तेव्हा कोठारातून धूर निघत होता. अग्निशमनवाला विचारत होता, “आत कोणी?” सर पुस्तक मिटत म्हणाले, “कोणी नाही. बासष्टच्या बासष्ट.”

मी धावले. हाक मारण्यात अर्थ नव्हता, तरी मारत होते. धुरातून कुंदा येताना दिसली. नाकाला ओढणी, एक हात बाजूला लांबवलेला, मूठ मिटलेली, गर्दीत आपण कोणाचा हात धरतो तशी. मी तिला दाराकडे ओढलं. ती दारात थांबली, बाजूला झाली, आधी कोणाला तरी जाऊ दिलं आणि मग स्वतः बाहेर आली. माझ्या दंडाला काहीतरी घासून गेलं, कढत.

मैदानात मी सरांच्या हातातून पुस्तक हिसकावलं आणि त्रेसष्टावं नाव लिहिलं, कुंदा. तिने नाही म्हणून मान हलवली. दोन बोटं दाखवली.

“लिवा, बाई,” सदाशिवराव म्हणाले. मी भारत लिहिलं. म्हातारा तिथंच मातीत बसला आणि ओक्साबोक्शी रडला.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. कुंदाही माझ्यामागे येऊन दारात उभी राहिली. फाटकावरचं पुस्तक टेबलावर उघडं होतं.

“ही दोन नावं खोडा. तपासणीवाल्यांना काय सांगू?”

“तुम्हीच खोडा,” मी म्हटलं आणि पेन पुढे केलं. या वेळी गप्प बसायचं नव्हतं.

सरांनी टोपण काढलं. कुंदा सरांकडे बघतच नव्हती. ती त्यांच्या खुर्चीच्या मागे, खांद्याच्या जरा वर बघत होती. तिने तळहात पुढे केला, हळूच.

“काय म्हणतेय ही?” सरांनी विचारलं.

“थांब म्हणतेय,” मी म्हटलं. “पण तुम्हाला नाही.”

सरांनी मागे वळून पाहिलं नाही. पेन खाली ठेवलं आणि पुस्तक माझ्याकडे सरकवलं.