बोटभर दोष

मी फर्मा बोलतोय. होडीचा फर्मा. बहामातल्या अँड्रॉस बेटावर क्लिओफसच्या कारखान्यात, दाराच्या आतल्या बाजूला, खिळ्याला टांगलेली एक वाकडी काळपट फळी दिसली तर ती मीच. दिसायला काही खास नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण माझ्यावरून आजवर एकतीस शिडाच्या होड्या बेतल्या गेल्या आणि त्यांतल्या नऊ ऑगस्टच्या शर्यतीत पहिल्या आल्या. तेव्हा माझ्याशी जरा अदबीनं बोला.

मला कापलं क्लिओफसच्या पणजोबांनी, थिओफिलसने. पाइनची पातळ फळी गुडघ्याखाली दाबली आणि नुसत्या डोळ्याच्या अंदाजाने होडीच्या बरगडीचा आकार कापला. मग मला खांद्यावर टाकून तो रानात जायचा आणि वाकड्या फांद्यांना लावून बघायचा. माझ्यासारखी वाकलेली फांदी मिळाली की तिची बरगडी व्हायची. मला सरळ धरलं की डावी, पालथं धरलं की उजवी.

कापताना मध्येच लाकडात गाठ लागली. करवत सटकली आणि पोटाच्या वळणाखाली माझा बोटभर टवका उडाला. थिओफिलसने एक शिवी हासडली आणि काम पुढे रेटलं, पण माझ्यावरून आखलेल्या प्रत्येक बरगडीत तो खळगा उतरला. तिसऱ्या वर्षी पहिल्या होडीत पाणी शिरलं, नेमकं त्याच जागेतून. दुसरीतही तिथूनच. लोक म्हणाले, हा फर्मा चुलीत घाल. थिओफिलस म्हणाला, "का म्हणून? पळते कशी ते पाहिलंत ना? दोष कुठे आहे ते मला माहीत आहे. माहीत असलेल्या दोषाला मी भीत नाही."

टवका भरून काढला तर वळण बिघडेल आणि वळण बिघडलं की चाल जाईल, अशी त्याची पक्की समजूत. म्हणून त्याने मला हात लावला नाही, एक रीत घालून दिली. माझ्यावरून बांधलेल्या प्रत्येक होडीला त्या जागी आतून जादा लाकूड ठोकायचं. दर जुलैत होडी किनाऱ्यावर ओढायची आणि सगळ्यात आधी तीच जागा तपासायची, गळती असो वा नसो. होडीचं नाव माझ्या पाठीवर पेन्सिलीने लिहायचं, म्हणजे कुणी विसरणार नाही. चार पिढ्या झाल्या, ही रीत चुकलेली नाही आणि माझी एकही होडी बुडालेली नाही.

या घरातली माणसं लाकडाबद्दल तासन्‌तास बोलतात. दुखण्याबद्दल मात्र तोंडाला कुलूप. क्लिओफसची मोठी बहीण आयसेल्डा बेचाळिसाव्या वर्षी छातीच्या गाठीने गेली. लोक म्हणाले, नवरा सोडून गेला, त्याचा घोर घेतला. धाकटी रोवीना एकोणचाळिसाव्या वर्षी तशीच गेली. लोक म्हणाले, कुणीतरी काहीतरी केलं. भाऊ ईनस पंचेचाळिसाव्या वर्षी आतड्याच्या रोगाने गेला. लोक म्हणाले, शिळा मासा बाधला. तिघांना तीन कारणं चिकटवली आणि तिघांनाही चर्चमागे पुरलं. मी एकतीस होड्या एकाच जागी हळव्या असलेल्या पाहिल्यात, मला तेव्हाच शंका आली होती. पण फळीला विचारतो कोण.

गेल्या वर्षी आयसेल्डाच्या मुलीला, पर्लला, गाठ निघाली. नसाऊ शहरातल्या दवाखान्यात तिचं रक्त तपासलं, तेव्हा कळलं की शरीराच्या मूळ घडणीतच एक बारीकसा बदल आहे, जन्माबरोबर आलेला. त्याने छातीच्या आणि मोठ्या आतड्याच्या, दोन्ही कॅन्सरचा धोका वाढतो. दोष असला म्हणजे रोग होतोच असं नाही, पण रक्ताच्या प्रत्येक नातेवाइकाने तपासून घ्यावं, असं तिथल्या नर्सने बजावलं. पर्लने मामाला फोन केला. क्लिओफस "बरं बरं" म्हणाला आणि फोन खिशात टाकून रंधा मारायला लागला.

त्याच्या वागण्याचं कारण मला ठाऊक होतं. चार महिने त्याला शौचाला रक्त पडत होतं. पट्ट्याला त्याने खिळ्याने दोन नवी भोकं पाडली होती. कारल्याच्या पाल्याचा कडू काढा तो सकाळ-संध्याकाळ ढोसत होता. ही गोष्ट तिघांनाच माहीत होती: तो, मी, आणि ज्याला तो रोज "एवढं थांबव रे" म्हणायचा तो देव.

ईस्टरच्या सुट्टीत त्याची मुलगी डेलारीस टपालबोटीने आली. ती नसाऊला शिक्षिका आहे. बरोबर तिची सहा वर्षांची झारिया होती. पोरीला तुरीचे दाणे घातलेला भात देऊन घरात बसवलं आणि डेलारीस थेट कारखान्यात आली.

"बाबा, पर्लचा फोन आला होता ना?"

"आला होता."

"मग रक्त कधी देताय?"

"ते बाईमाणसाचं दुखणं आहे. मी काय करू त्यात?"

"ईनसकाका बाई होते का?"

"ईनसने शिळा मासा खाल्ला."

"आणि आठ महिने झिजत राहिले?"

क्लिओफसने उत्तर टाळायला मला खिळ्यावरून काढलं. "आलीच आहेस तर हे टोक धर."

तिने धरलं. लहानपणापासून धरत आली आहे. मी लाकडावर आडवा पडलो, तो पेन्सिल फिरवायला लागला, आणि तिचा अंगठा माझ्या टवक्यावर येऊन थांबला.

"दर जुलैत होडी ओढली की तुम्ही आधी कुठे बघता?"

"इथेच. नवीन विचारल्यासारखं काय विचारतेस?"

"गळत नसली तरी?"

"गळायला लागल्यावरच बघायचं तर सुतार कशाला हवा? कुणीही बघेल." पेन्सिल जागच्या जागी राहिली. मग जरा चिडून म्हणाला, "मी काय होडी आहे?"

"होडी असता तर बरं झालं असतं. एव्हाना दोर बांधून वर ओढलं असतं तुम्हाला."

क्लिओफस लाकूड ठेवायच्या घोडीवर टेकला. "डेला, मला चार महिने रक्त पडतंय."

"आणि हे आत्ता सांगताय?"

"तुला काळजी लागली असती."

"आता नाही वाटतं लागली." असं म्हणाली आणि त्याच्या शेजारी बसून, खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. मी दोघांच्या मांडीवर आडवा पडून होतो. मला फार वाईट वाटलं आणि खरं सांगतो, थोडं बरंही वाटलं.

दोन दिवसांनी ती त्याला घेऊनच परतली. नसाऊच्या डॉक्टरांनी नळी घालून आतडं तपासलं. तीन गाठी निघाल्या. एक बिघडायच्या अगदी बेतात होती. पोट न फाडता तिन्ही काढून टाकल्या. रक्तात दोषही निघाला, तोच, पर्लचा.

मग डेलारीसने रक्त दिलं. जूनमध्ये ती स्वतः सांगायला आली. तिच्यातही होता.

क्लिओफसच्या हातातला रंधा खाली पडला. "माझ्यामुळे," तो म्हणाला.

"तुमच्यामुळे हे नाकही आलंय. त्याचं दुःख रोज आरशात करते. याचं वर्षातून एकदा तपासणीच्या दिवशी करीन."

तो हसला आणि रडलाही. ती गेल्यावर त्याने माझ्या टवक्यावरून कितीदा बोट फिरवलं, मी मोजलं नाही.

ऑगस्टच्या शर्यतीला सगळा गोतावळा बेटावर आला. चिंचेखाली जेवणं चालली होती. क्लिओफस मला खांद्यावर टाकून तिथे गेला आणि जेवत्या माणसांपुढे मला धरून म्हणाला, "प्रत्येकाने इथे बोट घाला." माशाची उष्टी बोटं होती, पण मी तक्रार केली नाही. मग तो म्हणाला, "आयसेल्डा, रोवीना, ईनस. तीन कारणं नव्हती. ही एकच जागा होती. आणि ती आपल्याला माहीत नव्हती." पहिला उठला तो ईनसचा मुलगा. म्हणाला, "माझं नाव लिहा काका."

आज माझ्या पाठीवर होड्यांच्या नावांखाली एकोणीस मोठ्या माणसांची नावं आहेत. सगळ्यांनी रक्त दिलं. बारा जणांत काही निघालं नाही, त्यांच्या नावापुढे लहानसं शीड काढलंय. सात जणांत दोष निघाला, त्यांच्यापुढे दरवर्षीच्या तपासणीचा महिना लिहिलाय: डेलारीस, जुलै. क्लिओफस, मार्च. असा.

तुमच्या भिंतीवर माझ्यासारखा कुणी नसेल. मग जिवंत माणसांनाच विचारा. आत्या कशाने गेली, किती वर्षांची होती; काका कशाने गेला. आईकडचं विचारता तसं वडिलांकडचंही विचारा. एकाच जागी पाणी शिरताना दिसलं तर गळतीची वाट बघू नका. दोषाची लाज मी शंभर वर्षांत कधी धरली नाही, तुम्हीही धरू नका.

शर्यतीच्या त्या दिवशी नाव लिहायला सगळ्यात शेवटी झारिया आली. "माझं नाव?" तिने विचारलं. क्लिओफसने लिहिलं. पुढे शीड काढलं नाही, महिनाही घातला नाही. "मोठी झालीस की तू ठरव, आणि तूच लिही," तो म्हणाला, आणि पेन्सिल माझ्या खिळ्याला दोऱ्याने बांधून ठेवली. ती अजून तिथेच लोंबते आहे. झारियाचा हात अजून माझ्यापर्यंत पोचत नाही.